पाठीवरचा खेकडा

“मला नाही यायचं. तुम्ही जा सगळे. समुद्र कसा होता ते येऊन सांगा.”

आवाज फ्रॉकच्या आतून येत होता. केतकीचे दोन्ही हात वर, बाह्यांत अडकलेले, तोंड पिवळ्या पॉपलीनच्या आत, आणि फ्रॉकची कंबर तिच्या छातीशी येऊन अडून बसलेली. तोंडात टाचण्या धरून मी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसले होते, म्हणून ते पुटपुटणं फक्त माझ्या कानात पडलं. मागून घेर खाली ओढणाऱ्या तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, ऐकू गेलं नाही.

“जरा श्वास आत घे गं,” रेवती म्हणाली.

केतकीनं श्वास आत घेतला. त्यानं काही होणार नव्हतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. फ्रॉक तिच्या अंगाला अडलाच नव्हता. काखेखाली सुरू होऊन कमरेच्या हाडापर्यंत तिला आवळून बसलेला जो कडक प्लॅस्टिकचा पट्टा होता, त्याला अडला होता.

पलीकडं कॉटवर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही दोघी त्यांना आत्याबाई म्हणायचो. एक दाणा तोंडात टाकत त्या म्हणाल्या, “अंग भरलंय पोरीचं. वाढत्या अंगाचं शिवावं म्हणून मी ओरडत असते. माझं कोण ऐकतंय?”

अंग भरलंय म्हणे. पोर उसाच्या चिपाडासारखी होती.

या सगळ्याच्या मुळाशी आत्याबाईच होत्या. आमचं घर उदगीरचं, भांड्यांच्या दुकानाचं. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की घरातल्या पुरुषांच्या पोटात दुखायला लागतं. पण त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी जाहीर केलं, डोळे मिटायच्या आत समुद्र बघायचाय, आणि एकटीनं नाही, सगळं घर घेऊन. गुहागर ठरलं. लगेच दुसरा हुकूम सुटला. समुद्रावर गर्दी असते, पोरं हरवतात, तेव्हा सगळ्या नातवंडांना एकाच थानातले कपडे, आणि तेही लांबून दिसतील असे. थान त्यांनी स्वतः बाजारात जाऊन आणलं. रंग असा, की हळदीनं मान खाली घालावी.

शिवणार कोण हा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नाही. मी शिवण शिकले ती कपडे उसवून. नवऱ्याचा जुना शर्ट उसवायचा, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि बघत बसायचं. भरतकामही तसंच, आईनं भरलेल्या अभ्र्यांच्या मागच्या बाजू बघत बघत. नव्या नवलाईनं घरात उघडं असं काही मी ठेवलंच नव्हतं. मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, टीव्हीला झालरीचं, गॅस सिलेंडरला तर खिसा असलेलं. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, “फार वेळ एका जागी बसू नका. निमा तुम्हालाही कव्हर घालेल.”

माप अंगावर घ्यायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मापाचा कपडा द्यायचा. नीट बसणारा एखादा जुना, धुऊन घडी घातलेला. पोरांचे तसे आले, तसे मी शिवले. खिशांवर ज्याच्या त्याच्या पसंतीची नक्षी भरली. कुणाला मासा, कुणाला होडी, माझ्या निनादला जहाज. केतकीच्या मापाचा म्हणून रेवतीनं जो फ्रॉक दिला, तो पट्ट्याच्या आधीचा होता. मी त्यावरून अगदी बिनचूक शिवला.

पट्टा दिवाळीनंतर आला. सोलापूरच्या डॉक्टरांनी केतकीला वाकायला लावून पाठीवरून बोट फिरवलं, फोटो काढले आणि सांगितलं, वाढीचं वय सरेपर्यंत हा दिवसरात्र घालायचा. आंघोळीला आणि पोहायला तेवढा काढायचा. घरी आल्यावर त्या पट्ट्याला नावच उरलं नाही. “ते घातलंस का?” “ते सैल झालंय का?” शेजारच्या बिराजदारबाईंनी विचारलं तेव्हा रेवती म्हणाली, आतून जॅकेट आहे, तिला सर्दी लवकर होते. हे उदगीरच्या एप्रिलात. बिराजदारबाई समजूतदार, हळद घालून दूध द्या म्हणाल्या. केतकी तेव्हापासून बापाचे जुने शर्ट घालून फिरायची.

फ्रॉक आम्ही वरच्या वर काढला. केतकीचे केस विस्कटले होते, कान लाल झाले होते.

“राहू दे काकू. मी घरीच थांबते.”

“तसंही इतका प्रवास तिला झेपायचा नाही,” रेवती लगेच म्हणाली. ती जणू वाटच बघत होती. “मी आणि ती राहू की. तुम्ही सगळे जाऊन या.”

आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “सगळे म्हणजे सगळे,” त्या म्हणाल्या. “दोघी मागं ठेवून मला नाही बघायचा समुद्र. निमा, दुसरा शिव. आणि ढगळ शिव.”

थानाचं शेवटचं टोक उरलं होतं, ते सगळं मी त्या दुसऱ्या फ्रॉकला लावलं. गळ्यापासून चुण्या सोडल्या, घेर असा ठेवला की आत केतकी आणि तिचा पट्टा तर मावलाच, शिवाय एखादी मैत्रीणही मावली असती. रेवती तिच्याभोवती फिरून आली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

“ताई, काही म्हणजे काही दिसत नाही बघा.”

“आता कसं,” आत्याबाई म्हणाल्या. “आणखी दोन दिवाळ्या निघतील त्यात.”

केतकी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. एका बाजूनं वळली, दुसऱ्या बाजूनं वळली. मग आरशातूनच माझ्याकडं बघत म्हणाली, “काकू, हे कव्हर आहे.”

“कशाचं?”

“सिलेंडरचं. खिसापण आहे.”

मला हसू आवरेना. टाचण्या गिळते की काय असं झालं, म्हणून त्या हातात काढून घेतल्या. केतकीही हसली. रेवती हसली नाही.

“मग तुला कसा पाहिजे?” मी विचारलं.

“मला बसेल असा.”

सोपीच तर गोष्ट होती. मी खांद्यावरचा टेप काढला आणि म्हटलं, हात वर कर. तिनं केले. आणि मग मी टेप धरून नुसतीच उभी राहिले. रेवती माझ्याकडं बघत होती.

“ह्याच्यावरून घेऊ?” मी विचारलं. नाव माझ्याही तोंडातून आलं नाही.

केतकीनं बोटाची गाठ पोटावर आपटली. दारावर वाजवावं तसं टकटक वाजलं. “ह्याच्यावरूनच घे ना. हे काय घरी ठेवून येणारे? हे बघ, इथं वर उचलतं. इथं आत. आणि बसलं की इथं सगळं मांडीवर येतं, तर फ्रॉक नकोच. शर्ट शिव, पुढून बटणांचा.”

मी मापं घेतली. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, मग उजव्या. जुळली नाहीत. पुन्हा घेतली.

“नाही जुळत,” केतकी म्हणाली. “मी आरशात बघितलंय.”

शिवणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल: कापड नेहमी दुमडून कापतात. एका बाजूचं माप घेतलं की दुसरी बाजू आपोआप येते. आयुष्यभर मी तसंच कापत आले होते. त्या दिवशी ढगळ फ्रॉक उसवला, कापडावर इस्त्री फिरवली आणि पहिल्यांदाच ते न दुमडता, सगळं उलगडून जमिनीवर पसरलं. डावी बाजू डाव्या मापानं आखली, उजवी उजव्या. थान संपलेलं, चुकलं तर दुसरा तुकडा नाही. पाठीचा भाग कापून झाला तेव्हा तो कुणाच्याच पाठीसारखा दिसत नव्हता. केतकीच्या पाठीला धरला तर चिकटल्यासारखा बसला. दोन्ही बाजूंना मी नाड्या ठेवल्या. पट्टा असला की सैल सोडायच्या, पाण्यात जाताना पट्टा काढला की आवळायच्या.

“आता नक्षी,” मी म्हटलं. “खिशावर काय काढू? शंख?”

“खिशावर नको. पाठीवर. खेकडा काढ, हा एवढा.” तिनं दोन्ही हात पसरले. “आणि सरळ नको, तिरका काढ. सरळ चालणारा खेकडा असतो का कुठं?”

रेवती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मला हाक मारली.

मी गेले तर ती ओट्याशी, माझ्याकडं पाठ करून उभी होती. “ताई, हे तुम्ही करणार नाही.”

“पोरगी मागतेय, रेवती.”

“ती अकरा वर्षांची आहे, तिला काय कळतंय? सगळ्यांचं लक्ष तिथंच जाईल. मी सहा महिने झाकून ठेवलंय सगळं. मलाच माहीत कसं ते. आणि तुम्ही त्याच्यावर चित्र काढून ठेवणार?”

“बघणारे बघतातच.”

“तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमचा मुलगा आहे.” ती वळली. डोळे कोरडे होते, पण आवाज फाटला होता. “उद्या हिला बघायला लोक येतील. आपलं गाव केवढं, ताई? इथं एकदा नाव पडलं की पडलं. शेवंताआत्याचं विसरलात?”

विसरले नव्हते. नवऱ्याच्या गावाकडच्या त्या आत्या. डोळ्यात फूल पडलं होतं म्हणून जन्मभर बिनलग्नाच्या, भावाच्या घरी भाकरी थापत राहिल्या. सगळं गाव त्यांना एकाच नावानं ओळखायचं आणि ते नाव शेवंता नव्हतं. रेवतीच्या भीतीला मी हसू शकले नाही. ती खोटी नव्हती.

“खेकडा काढलात तर आम्ही येत नाही,” रेवती म्हणाली.

बाहेर आले तर केतकी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “आणि नाही काढला तर मी येत नाही,” ती मला हळूच म्हणाली. दोघी मायलेकी अगदी एका थानातल्या.

मी दोरे काढले. विटकरी, तांबडा, कडेला थोडा काळा. कार्बन ठेवून खेकडा तिरका आखला, एक नांगी मोठी, एक लहान. कडा साखळी टाक्यानं, पोट भरीव. दुपारी सगळं घर झोपलेलं असताना मी खिडकीत रिंग घेऊन बसायचे आणि केतकी शेजारी सुया ओवून द्यायची. रेवती पाणी प्यायला म्हणून तिथून जायची, यायची. इतकं पाणी ती एरवी कधी प्यायली नाही.

आत्याबाई मात्र रोज हजेरी लावायच्या. चष्मा वर-खाली करून एकदा म्हणाल्या, “पाय जास्त झाले गं.”

“मोजूनच काढलेत, आत्याबाई.”

“आमच्या गावच्या ओढ्यातल्या खेकड्याला इतके नव्हते.”

“तुम्ही त्याचे मोडून खात होता. हा जिवंत आहे.”

त्यांनी पुन्हा एकदा निरखून बघितलं आणि गेल्या. बरं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात याला मंजुरी म्हणतात.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली. डबे, चटण्या, चटया, पाण्याचे कॅन, पिवळी पोरं. रेवतीची बॅग बाहेरच्या ओट्यावरच होती, बंद, आणि ती बॅगेशेजारी. येते म्हणत नव्हती, येत नाही असंही म्हणत नव्हती. तेवढ्यात केतकी आतून आली. शर्ट घातलेला, वेणी पुढं घेतलेली, म्हणजे मागं झाकायला काहीच नाही. ती कुणाकडं न बघता अंगण ओलांडून गेली आणि गाडीत चढून खिडकीशी बसली. चढताना तिची पाठ आम्हा सगळ्यांकडं होती. शर्टला एकही चुणी नव्हती. खेकडा असा काही बसला होता, जणू चढून वर निघालाय.

आमच्या ह्यांनी घसा साफ केला आणि उगाच टायर बघायला गेले.

रेवतीनं बॅग उचलली. गाडीत केतकीशेजारी बसली आणि स्वतःची ओढणी काढून लेकीच्या खांद्यांवरून लपेटली. “खिडकीचा वारा लागतो,” म्हणाली.

केतकीनं ती तशीच राहू दिली. जेवायला उतरलो तेव्हा ओढणी होती. घाटात पोरांना उलट्या झाल्या तेव्हा होती. मुक्कामाच्या गावी होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसलो तेव्हाही होती. मी पुढच्या सीटवरून वळून वळून बघत होते आणि माझ्या मनात येत होतं, शेवटी आपण शिवलेल्या शर्टालाही कव्हर मिळालंच.

समुद्रावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर नुसतं पाणी. आत्याबाई उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं हात जोडतील. बराच वेळ बघून म्हणाल्या, “एवढं पाणी इथं नुसतं पडलंय, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा.”

पोरं केव्हाच पळाली होती. चटईवर आम्ही तिघी आणि केतकी राहिलो. केतकीनं ओढणी काढली, नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिली.

“आई, ह्याचे बंद सोड ना. पाण्यात काढायचं सांगितलंय.”

“इथं?” रेवतीनं आजूबाजूला बघितलं. थोड्या अंतरावर दुसरी एक चटई होती, तिच्यावर एक बाई कलिंगड कापत बसल्या होत्या. “खोलीवर जाऊन काढू.”

“खोली लांब आहे. सूर्य जाईल.”

रेवती हलली नाही. मी हात पुढं केला, पण केतकी माझ्याकडं बघतच नव्हती. ती आईसमोर उभी राहिली, हात वर करून, माप देताना राहिली होती तशी. शेवटी रेवतीनं शर्टाच्या खालून हात घातले. एकेक बंद सुटल्याचा चर्र आवाज आला. तिनं ते कवच बाहेर ओढून चटईवर ठेवलं. केतकीनं लांब श्वास घेतला, या खेपेला खरा. मग बाजूच्या नाड्या स्वतःच आवळल्या आणि निघाली.

चालत गेली, मग पळाली. ती पळताना एका बाजूला किंचित झुकते, आणि तिरका काढलेला खेकडा त्या झुकण्यात असा मिसळून गेला की वाटावं, पळतोय तोच. पाण्याशी खेळणारी परकी पोरं थांबून बघायला लागली. रेवतीनं माझं मनगट पकडलं.

एक लहान मुलगी ओरडली, “आई, तो खेकडा बघ.” आणि केतकीच्या मागं धावली. मग आणखी दोघं धावली. केतकी वळली, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघितलं, आणि दोन्ही हातांच्या नांग्या करून त्यांच्या अंगावर गेली. पोरं किंचाळत पाण्यात पळाली. आमची पिवळी टोळी त्यांच्यात घुसली, आणि कोण कुणाचं ते कळेनासं झालं. केतकी मात्र कुठूनही दिसत होती.

रेवतीनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

शेजारच्या चटईवरच्या बाई कलिंगडाच्या फोडी घेऊन आमच्याकडं आल्या. कराडच्या होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. “तुमचीच ना ती खेकडेवाली? काय सुरेख आहे हो शर्ट. माझी धाकटी हट्ट करून बसलीय, तसाच पाहिजे. कुठं मिळाला?”

“मिळतोय कुठं?” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्या थोरलीनं शिवलाय. तिच्या हातात कला आहे.” इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही परक्या बाईला सांगताना.

बाई हसल्या. चटईवर फोडी ठेवायला वाकल्या, तशी त्यांची नजर त्या पांढऱ्या कवचावर गेली. “आणि हे काय हो?”

मी समुद्राकडं बघायला लागले. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, पण ही गोष्ट माझी नव्हती.

“ते होय?” आत्याबाईंनी घाईघाईनं सावरून घेतलं. “ते आपलं पोरांचं पोहायचं सामान.”

रेवतीचा हात मांडीवरच्या ओढणीकडं गेला. तिनं घडी अर्धी उलगडलीही. मला वाटलं, आता टाकणार वरून. मग तिचा हात थांबला. तिनं ओढणी बाजूला ठेवली, कवच मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरची वाळू तळव्यानं पुसायला लागली. पुसताना काहीतरी म्हणाली.

वारा सुटला होता. “काय म्हणालात?” कराडच्या बाईंनी विचारलं.

रेवतीनं मान वर केली. आणि ती बोलली ते इतक्या मोठ्यानं, की गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या केतकीनंही मागं वळून बघितलं.

“माझ्या मुलीची पाठ वाकडी आहे.”